आधी गोड, मग ओव्हर

"अश्लेषा, हे यंत्र आपल्याला सुखी करेल की नाही ते देव जाणे. पण एकमेकींना विसरायला लावेल बघ," असं ग्रेस म्हणाली, तेव्हा अश्लेषानं डब्यातली मिरची बाजूला काढत ते हसण्यावारी नेलं होतं.

"तुला तर बाई बारशाच्या घुगऱ्यांतसुद्धा खडा दिसतो!"

"असतो म्हणून दिसतो," ग्रेस म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावून उठून गेली.

अश्लेषा खाडे आणि ग्रेस वाघमारे, दोघी एकाच रुग्णालयात, बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर. कृष्णाकाठच्या त्या शहरात दर दोन गल्ल्यांआड एक दवाखाना. त्यात हे रुग्णालय सगळ्यांत मोठं. औषधांची गाडी इथं आपली आपण खाटेखाटेपाशी फिरायची. पेशंटच्या मनगटावरची पट्टी नाडी, दाब, ताप सगळं पडद्यावर पाठवायची. एवढं असूनही सिस्टर मंडळी टिकत नव्हती. कुणी रजेवर, कुणी राजीनाम्यावर, कुणी कामावर असूनही नसल्यासारखी. म्हणून व्यवस्थापनानं पुण्याहून डॉ. समीहन बर्वे नावाचा एक तरुण मानसशास्त्रज्ञ आणला आणि त्याच्याबरोबर आलं 'शेवटगोड'.

यंत्र म्हणाल तर एवढंसं. गणवेशावर लावायचा शर्टाच्या बटणाएवढा बिल्ला आणि कानामागं चिकटवायचा मणी. बिल्ला दिवसभर ऐकायचा, मणी नाडी बघायचा. दिवसाच्या शेवटी तीन चांगल्या गोष्टी आठवल्या की माणसाचं मन हलकं होतं, हे मानसशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक होतं. पण दमलेल्या माणसाला तीन काय, एकही आठवत नाही. ते काम शेवटगोड करायचं. कामाच्या सबंध पाळीतले तीन गोड क्षण ते वेचून काढायचं आणि पाळी संपताना, आरामखुर्चीत डोळे मिटून बसलेल्या सिस्टरला तिच्याच कानात परत ऐकवायचं. एखाद्या आजीचा "देव तुझं भलं करो", नव्या बाळाचं पहिलं रडं, मैत्रिणीची टाळी. बाई उठायची ती पौर्णिमेच्या चंद्रासारखं तोंड घेऊन.

आता यात मेख अशी की पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला पेशंटची हकीकत तोंडी सांगते. त्याला सगळे 'ओव्हर देणं' म्हणतात. आकडे पडद्यावर असायचेच. पण "अकरा नंबर बोलताना नजर चुकवते गं" किंवा "सहा नंबरच्या सासूवर लक्ष ठेव" हे कुठल्या पट्टीला कळणार? संशय अजून तोंडीच दिला-घेतला जायचा. डॉ. बर्वेंनी सांगितलं होतं, ओव्हर झाली की मग खुर्चीत बसा. पण ओव्हर दिल्यावर थांबतंय कोण? कुणाची बस, कुणाचं पाळणाघर. खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या. तेव्हा मेट्रनबाईंनी तोड काढली. पुढच्या पाळीच्या मुली कपडे बदलेपर्यंत तुम्ही मोकळ्याच असता ना, तेवढ्यात उरकून घ्या. आधी गोड, मग ओव्हर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अश्लेषाला तर सुटल्यासारखं झालं. उशीर झाला की पाळणाघराच्या बाई अश्लेषाच्या लेकीला, रेवाला, बुटांसकट दारात बसवून ठेवायच्या.

सुरुवातीला अश्लेषाला यंत्राचा संशय आला नव्हता असं नाही. ती मुळातच संशयी. रेवा झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघणारी, दुधाच्या पिशवीवरची तारीख दुकानातच दोनदा वाचणारी. बिल्ला आपलं बोलणं वर पोचवत असणार, असं धरून ती पगाराच्या गोष्टी बाथरूममध्ये नळ सोडून बोलायची. पण तसं काहीच झालं नाही. कुणाला बोलावणं आलं नाही, कुणाचा पगार कापला नाही. चोर पुढच्या दारानं येणार म्हणून ती तिथंच पहारा देत बसली होती.

आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटायला लागलं होतं. झोप लागायची. रेवाच्या नाकाखालचं बोट सुटलं. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमच्या सुनेला दवाखान्यानं माणसात आणली बघा."

मग एके दिवशी संध्याकाळी रेवाला वरणभात भरवताना अश्लेषाच्या नवऱ्यानं, तुषारनं विचारलं, "ग्रेसचं काय झालं पुढं?"

"काय व्हायचंय? मजेत आहे."

तुषारचा घास हातातच राहिला. "मजेत? अगं, सकाळी तू फोन केला होतास मला."

"मी? नाही बाई."

"चहाच्या सुट्टीत. रडत होतीस. ग्रेस कपड्यांच्या खोलीत एकटी बसली होती म्हणालीस. तुला म्हणाली, 'आता मी फार दिवस सोसायची नाही. एक दिवस यायचीच नाही मी.' तुला भीती वाटत होती, तिनं जिवाचं काही बरंवाईट केलं तर काय करायचं."

अश्लेषानं त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. हा थट्टा करतोय? की हल्लीच्या तिच्या हसऱ्या तोंडावर याचा काही राग आहे? "उगीच काहीतरी बोलू नकोस हं, तुषार."

"उगीच नाही गं," सासूबाई आतून म्हणाल्या. "त्यानं फोन मोठ्यानं लावला होता. मीपण ऐकलं. पोरीसारखी हुंदके देत होतीस."

अश्लेषानं आठवून पाहिलं. चहा आठवला. बिस्किट चहात पडलं ते आठवलं. ग्रेसबद्दल आठवलं ते एवढंच, की तिनं सकाळी कुणाच्या तरी नक्कलेवर छान टाळी दिली होती. त्याच्या मागेपुढे काही नाही. पाटीवरून ओला हात फिरवावा तसं लख्ख.

तिनं ग्रेसला फोन लावला. "बरी आहेस ना गं?"

"आहे की. का?"

"मी आज रडत होते म्हणे तुझ्यासाठी."

मग ग्रेस म्हणाली, "उद्या पाळीला येतेच आहे. झोप तू."

त्या रात्री रेवाच्या नाकाखाली बोट परत गेलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत अश्लेषा ग्रेसला शोधत कपड्यांच्या खोलीत गेली. धुतलेल्या चादरींचा वास, भिंतीला एक लांब बाक. "आलीस, बरं वाटलं," ग्रेस हसून म्हणाली.

"काल काय झालं ते सांग मला."

ग्रेसचं हसू विरलं. "परत?"

अश्लेषा तिच्या शेजारी बसली. "परत म्हणजे?"

"म्हणजे मी सांगते, तू ह्याच बाकावर माझा हात धरून रडतेस, शपथा घेतेस, आणि दुसऱ्या दिवशी विचारतेस, 'ग्रेस, हा कुर्ता कुठून घेतलास गं, रंग काय खुलतोय तुला!' मोजायचं सोडून दिलंय मी. तूच नाहीस, सगळ्याच."

"आणि तू? तुला कसं आठवतं?"

ग्रेसनं केस मागं घेऊन कानामागची जागा दाखवली. मणी नव्हता. "कातडीला सोसत नाही म्हणून सांगितलं आणि काढला. तुम्ही सगळ्या रोज धुऊन-पुसून घरी जाता, अश्लेषा. वॉर्डात मेलेलं बाळ, शिव्या देणारे नातेवाईक, एकमेकींची भांडणं. तुमचं सगळं सांडपाणी माझ्या अंगणात येतं. सगळ्या वॉर्डाचं मला एकटीला आठवतं. आणि कुणाशी बोलावं, तर बोलणं संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकत नाही."

मग तिनं चार नंबरच्या बाईचं सांगितलं. नुकती बाळंत झालेली, तासगावकडची. आकडे सगळे ठीक. पण ती सारखी म्हणत होती, "सिस्टर, मला गार वाटतंय." बाहेर उन्हाचा तडाखा आणि ही कुडकुडतेय. ग्रेसला दुसऱ्या वॉर्डात बोलावणं आलं म्हणून तिनं तिथल्या सिस्टरला बजावलं, ओव्हरमध्ये हे नक्की सांग, आतून रक्त जात असेल. सिस्टर "हो" म्हणाली. मग खुर्चीत बसून आली आणि हसतमुखानं ओव्हर दिली. त्यात चार नंबरचं बाळ किती गोड आहे एवढंच होतं. पुढच्या पाळीला कळेपर्यंत उशीर झाला. बाळ आजीच्या मांडीवर घरी गेलं.

"कुणाची ओव्हर होती ती?" अश्लेषानं विचारलं.

ग्रेस चादरीची घडी सरळ करत राहिली. "ते विचारू नकोस."

"ग्रेस..."

"विचारू नकोस म्हटलं ना. जिची होती तिला ठाऊकही नाही. तिच्या पोरीच्या वाढदिवसाला मी केक खाऊन आले." मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी दमले गं. मला आता नको वाटतं हे. सगळंच."

घंटी वाजली, कुणाला तरी कळा सुरू झाल्या होत्या. दोघी धावल्या.

पाळी संपताना खुर्चीत बसायची वेळ आली. न बसलं तर मेट्रनबाई येणार, कारण विचारणार. अश्लेषा बसली, डोळे मिटले, आणि लहानपणी सतराचा पाढा घोकायची तशी मनात घोकायला लागली. ग्रेस म्हणाली सगळंच नको वाटतं. चार नंबरला गार वाटत होतं. ग्रेस म्हणाली सगळंच नको वाटतं. कानात पहिला घास आला, एका आजोबांचा आशीर्वाद. दुसरा आला, जुळ्यांच्या बापाचा हर्षवायू झालेला आवाज. आणि तिसरा?

"आलीस, बरं वाटलं," ग्रेसचा आवाज. हसरा, मधाळ.

यंत्रानं त्याच बाकावरून, त्याच बोलण्यातून, तेवढं एकच वाक्य उचललं होतं. गोड वाटत होतं ते. मागं सतारीसारखं काहीतरी हळूच वाजत होतं, आणि त्या हसण्याच्या मागची ग्रेस धुक्यात शिरल्यासारखी पुसट व्हायला लागली. अश्लेषानं नखं तळहातात रुतवली आणि घोकत राहिली. चार नंबरला गार वाटत होतं.

ओव्हर देऊन ती तडक डॉ. बर्वेंच्या खोलीत गेली आणि एका दमात सगळं ओकली.

माणूस वाईट नव्हता. त्यानं मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. "सिस्टर, तुमच्या माहेरी द्राक्षबाग आहे म्हणालात ना? छाटणीत आपण काही काड्या राखतो. सगळा रस त्यांच्याकडे जातो. आठवणींचंही तसंच आहे. जी आठवण तुम्ही परत काढता, ती बळकट होते. पण तिच्या शेजारची, त्याच प्रसंगातली न काढलेली आठवण नुसती जागच्या जागी राहत नाही, ती मागं रेटली जाते. मेंदू तिला दाबतो, म्हणजे हवी ती पटकन सापडावी. प्रयोगशाळेत हा परिणाम अगदी बारीक असतो. पण रोज, घटना ताजी असताना, खऱ्या आवाजात, तेही तीनच क्षण..." तो थांबला. "ओव्हरनंतर म्हणालो होतो मी. ओव्हर म्हणजे कडू आठवणही एकदा काढून घेणं. हा क्रम उलटा कुणी केला?"

"आम्ही सगळ्यांनीच," अश्लेषा म्हणाली. "पण ओव्हरनंतर बसलो असतो तरी ग्रेसचं बोलणं गेलंच असतं ना? ती कुठं ओव्हरमध्ये सांगायची गोष्ट होती?"

डॉ. बर्वे उठून उभा राहिला. "मी उद्या सकाळी सगळं बंद करतो. आणि ग्रेस सिस्टरना आज, आत्ता फोन करतो. त्यांना एकटं ठेवायचं नाही. तुम्ही निर्धास्त जा, पोरीला घ्या."

अश्लेषा निर्धास्त गेली. संध्याकाळी ग्रेसला तिनं फोन केला तो लागला नाही. डॉक्टरांशीच बोलत असेल, असं तिला वाटलं.

सकाळी ती पाळीला आली तेव्हा डॉ. बर्वे जिन्यातच भेटला. हसून हात जोडले. "सिस्टर, काल किती बरं वाटलं! तुम्ही आपणहून आलात, एवढं मनमोकळं बोललात, माहेरच्या द्राक्षबागेबद्दल सांगितलंत. असे दिवस आले की कामाचं चीज होतं."

"मग बंद केलंत ना?"

"काय बंद करायचंय?"

अश्लेषा एक पायरी खाली उतरली. त्याच्या कानामागं, नीट कापलेल्या केसांच्या कडेला, मणी होता.

"ग्रेसला फोन केलात?"

"ग्रेस सिस्टर? का, त्यांचं काय?"

आपण याच्याकडे पहिल्यांदाच आलो होतो का? हा विचार तिच्या मनात आला आणि जिन्याचा कठडा तिनं घट्ट धरला. कदाचित आपण आधीही आलो असू. ग्रेसही आली असेल. प्रत्येक वेळी या भल्या माणसाचा चेहरा असाच उतरला असेल, आणि प्रत्येक वेळी सकाळी तो असाच हसला असेल.

तिनं वर तोंड करून ओरडून विचारलं, "मावशी, ग्रेस सिस्टर आल्या का?"

"न्हाई की बाई," वॉर्डातल्या मावशी कठड्यावरून वाकून म्हणाल्या. "फोन बी उचलंना."

अश्लेषानं कानामागचा मणी खरवडून काढला. "डॉक्टर, गाडीची किल्ली घ्या."

"अहो, पण काय झालंय तरी..."

"वाटेत सांगते. मला तुम्ही साक्षीला हवे आहात. आणि तो मणी काढा आधी, म्हणजे संध्याकाळीही तुम्हाला आठवेल."

वाटेत तिनं सांगितलं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि विचारलं, "मी हे काल ऐकलं होतं?" अश्लेषा नुसतं "हो" म्हणाली. सिग्नल सुटला.

ग्रेसची खोली चर्चच्या मागं, पहिल्या मजल्यावर होती. आईवडील गेलेले, भाऊ दुबईला. दार आतून बंद. दुधाची पिशवी बाहेर तशीच पडलेली. अश्लेषानं कडी वाजवली, हाक मारली. आत काही हललं की नाही कळेना. डॉ. बर्वे दार तोडायला माणूस आणायला खाली धावला.

अश्लेषा दाराला तोंड लावून बोलायला लागली. "ग्रेस, मी आलेय. ऐक. चार नंबरच्या बाईला गार वाटत होतं. तासगावकडची होती. तू ओव्हरमध्ये सांगायला सांगितलं होतंस, आणि सांगितलं गेलं नाही. बाळ आजीच्या मांडीवर घरी गेलं. तू मला काल बाकावर सांगितलंस. चादरीची घडी सरळ करत होतीस. म्हणालीस, सगळंच नको वाटतं. ग्रेस, मला आठवतंय. एक रात्र गेली मधे, तरी आठवतंय. ऐकतेस ना?"

तिनं पुन्हा कडी वाजवली.

"मला कुर्त्याबद्दल काही विचारायचं नाही गं," तिचा आवाज फुटला. "दार उघड."

आधी बाज करकरली. मग अनवाणी पावलं, फार सावकाश. कडी सरकली. ग्रेस कालच्याच कपड्यांत होती, डोळे सुजून बारीक झालेले. चौकटीला धरून उभी राहिली.

"खरंच आठवतंय तुला?"

"पाढ्यासारखं."

ग्रेस तिच्या खांद्यावर कोसळली आणि लहान पोरासारखा गळा काढून रडली. जिन्यात डॉ. बर्वे परत आला होता, हातोडीवाल्याला घेऊन. तो तिथंच पायरीवर बसला.

ग्रेस महिनाभर अश्लेषाच्या घरी राहिली. गावाबाहेरच्या एका डॉक्टरीणबाईंचे उपचार चालू आहेत. चांगले दिवस असतात, वाईटही असतात. रेवा तिला 'गेशमावशी' म्हणते आणि तिच्या ताटातली काकडी पळवते. रुग्णालयानं शेवटगोड बंद केलं नाही. फक्त ओव्हर आधी घेतली आणि पत्रक काढलं, की सुधारणा झाली आहे. डॉ. बर्वेनं नोकरी सोडली. त्याच्या जागी आलेली बाई फार हसतमुख आहे. अश्लेषा मणी लावत नाही. तिला परत झोप लागत नाही, आणि सासूबाई म्हणतात, सून पहिल्यासारखी झाली. कुणाची ओव्हर होती ते तिनं ग्रेसला पुन्हा विचारलेलं नाही. कदाचित त्या दिवसाच्या आधीही विचारलं असेल, आणि उत्तरही मिळालं असेल.

यंत्र आता शाळांच्या शिक्षकांसाठी येणार म्हणे, मग बँकांसाठी, मग फोनमध्ये सगळ्यांसाठी. तसा फोन आत्ताही सकाळी सकाळी आपणहून जुन्या सहलीचे फोटो दाखवतोच की, आणि आपणही गोड मानून घेतो.

म्हणून अश्लेषा हल्ली भेटेल त्याला एक गोष्ट विचारते, ती तुम्हालाही विचारून ठेवते. गेल्या काही दिवसांत तुमच्याशी बोलता बोलता कुणी मध्येच गप्प झालं होतं का? बहीण असेल, शेजारीण असेल, पाळी संपवून आलेला कुणी असेल. नाव आठवत असेल तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि फोन लावा. आठवत नसेल, तर ज्याच्याबद्दल "तो काय, मजेत आहे" असं तुम्ही डोळे झाकून सांगाल, त्याला लावा. "बरा आहे" म्हणाला, तरी लगेच ठेवू नका. जमलं तर दारापर्यंत जा.